पोराला विचारा

थंडी डोंगरावरून खाली येते, हे धाकटीला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या पोटऱ्यांना ते आपोआप कळलं. पहाटे कपड्यांची बादली घेऊन ओढ्याकडे निघालं की घरापासून गोठ्यापर्यंत साधीच थंडी असायची, नाकाचा शेंडा गार करणारी, चारचौघींसारखी. गोठा मागे पडला आणि बांधाचं वळण आलं की पावलं एकदम पाण्यात पडल्यासारखी व्हायची. पाणी कुठलं, वाट कोरडी ठणठणीत. पण थंडी तिथे साचलेली असायची. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि ओढ्याच्या काठाशी जावं तर थेट कमरेपर्यंत. ती थांबायची, एक पाऊल मागे घ्यायची, पुन्हा पुढे टाकायची. मागे ऊब, पुढे गार. एकटीच हसायची. लग्न होऊन आल्यापासूनचा हा तिचा खेळ होता आणि तो तिने कोणाला सांगितला नव्हता. सांगणार तरी काय, की वाटेत थंडीचं डबकं आहे म्हणून?

घरचा धंदा कलमांचा. लिंबू, संत्रं, मोसंबी. खुंटाची, म्हणजे गावठी रोपाची, साल चाकूने अलगद उकलायची, चांगल्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची आणि तो डोळा धरतो की नाही याची वाट बघायची. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हेच करत आयुष्य घालवलं. आता त्यांचे डोळे मंद झाले होते, गुडघे रुसले होते. बोलणं तर पहिल्यापासूनच मोजकं, तेही आता इतकं कमी झालं होतं की दिवसभरात आबा चार वाक्यं बोलले तर थोरली जाऊ म्हणायची, आज आबांना बडबडीचा दिवस आहे.

अंगणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी होती, चारही बाजूंनी फटी असलेली. नवं माणूस आलं की हमखास विचारायचं, मधमाश्या पाळल्यात का? आत मधमाशी नव्हती. आत एक काचेची नळी आडवी निजवलेली होती, एका टोकाला फुगीर गोळी, पाठीला आकड्यांची पट्टी. नळीत पाण्यासारखा निवळ दारूचा अर्क आणि त्या अर्कात एक इवलीशी काळी काडी. जुन्या काळी मोठ्या सरकारी बागेत असलं यंत्र असायचं. आबा तरुणपणी त्या बागेत माळी होते. बागेच्या साहेबाने एकदा खूश होऊन विचारलं, काय पाहिजे, तर ह्यांनी हे मागून घेतलं. घरात धड पांघरूण नव्हतं तेव्हाची गोष्ट. ऐकणारे अजून हसायचे.

त्या काडीला आबा पोर म्हणत.

डोळे मंद झाल्यावर त्यांनी पेटी धाकटीच्या हवाली केली, तेव्हा तिला जवळ उभं करून समजावलं होतं. त्यांच्या मानाने ते मोठं भाषणच झालं.

"थंडी वाढली की अर्क आखडतो, गोळीकडे सरकतो. पोराला बरोबर ओढून नेतो. जेवढी थंडी तेवढं लांब. मग सकाळ होते, ऊब येते, अर्क परत फिरतो. पोर नाही फिरत. जिथवर गेलं तिथेच निजतं."

"मग?"

"सकाळी जाऊन बघायचं, कुठवर गेलं होतं. गोळीकडचं टोक नाही, पलीकडचं टोक बघायचं."

"आणि मग?"

"मग घरी आणायचं." आबांनी गोळीचा भाग किंचित उचलला. काडी हळूच घरंगळत अर्काच्या काठापाशी आली आणि थांबली, काठाबाहेर पडली नाही. "आधी बघायचं, मग आणायचं. निजलेल्याला आधी हलवायचं नाही."

धाकटीला ते फार आवडलं. रात्रीची सगळ्यात थंड वेळ कोणीच पाहत नाही, माणसं निजलेली असतात, कुत्रं निजलेलं असतं, आणि ही मुंगीएवढी काडी एकटी चालत असते. पडल्या पडल्या ती डोळे मिटून बघायची. डोंगरावरून थंडी उठली, घरावरून गेली, कोणाला काही न बोलता गोठ्यामागून खाली उतरली. काडी तिच्या मागोमाग. मग तिला झोप लागायची.

सासूबाई होत्या तोवर पेटीकडे कधी फिरकल्या नाहीत म्हणे. अंगण झाडायच्या, तेवढा तुकडा सोडून. आणि दोन्ही मुलांसाठी ते आबांचं खेळणं होतं.

कलमांच्या मांडवात कामाला बसले असताना थोरल्याने विषय काढला. थोरला म्हणजे मनाचा राजा. द्यायला लागला की हात आखडता घेणार नाही, पण दिलेलं कोणी नाकारलं तर राजाचा रुसवा आठ दिवस घरात नांदायचा.

"खालचं शेत तुम्ही घ्या," तो धाकट्या भावाला म्हणाला. चाकू चालूच होता. "पाणी दाराशी आहे. काळी माती आहे. मी वरच्या मुरमाडात भागवीन. तिथेच तुमचं घर बांधू, तुमची कलमं लावा. आता तुमच्याकडे पाळणा हलणार, स्वतःचं दार हवं माणसाला."

धाकट्याचा चाकू खुंटावर तसाच राहिला. "दादा, खालचं तर खरं तुझं आहे. तू मोठा."

"मोठा आहे म्हणूनच देतोय. लहान असतो तर मागितलं असतं." थोरला स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. "गवंड्याला सांगून ठेवलंय. येत्या काही दिवसांत सूत धरून, पाया आखून मोकळं होऊ."

धाकट्याचे डोळे भरून आले. लग्नाआधीपासून तो भावाच्या घरात एका खोलीत राहत होता, लग्नानंतरही त्याच खोलीत. त्याने बायकोकडे बघितलं, की हिच्या तोंडावर आनंद मावत नसणार. धाकटी पट्टी गुंडाळत होती. तिची पट्टी दोन वेढे जास्त झाली, मग ती सोडून तिने पुन्हा गुंडाळली.

"भाऊजी," ती म्हणाली, "खाली थंडी जास्त आहे."

रोपांच्या पिशव्यांवर पाणी शिंपडणारी थोरली थांबली.

"थंडी सगळीकडे आहे," थोरला म्हणाला. "थंडीचे दिवस आहेत."

"तशी नाही. गोठ्याच्या खाली वेगळीच आहे. वळणावर कळते. पायांना."

"पायांना," थोरला म्हणाला.

"अगं, पोटुशी बाईला थंडी जास्तच लागते," थोरली समजुतीच्या सुरात बोलली. "माझ्या वेळी मला भर उन्हात हुडहुडी भरायची. ह्यांना विचार."

"आत्ताची नाही ताई. आल्यापासून कळतंय. कलमं मरतील तिथे. आणि..." ती पुढचं बोलली नाही. पुढच्या थंडीत तिचं बाळ त्या घरात रांगत असणार होतं, खाली, जमिनीवर, जिथे तिच्या पोटऱ्या गारठत. ते बोलून दाखवायची तिला भीती वाटली.

"गवत तर हिरवंगार असतं तिथलं," थोरला म्हणाला. आवाज चढला नाही, पण चाकू त्याने खाली ठेवला. "माणूस आपल्या ताटातला चांगला घास काढून देतो आणि समोरचा म्हणतो, थंड आहे. ठीक आहे. तूच सांग रे, हिचे पाय म्हणतात तसं करायचं का?"

धाकटा ओशाळून गेला. "तिचं काय ऐकतोस दादा. तिला काय कळतंय त्यातलं."

हे वाक्य धाकटीला लागलं. चारचौघांत, तेही चाकू हातात घेऊन तिच्यासमोर बसलेल्या नवऱ्याने म्हटलेलं. तिने मान खाली घातली आणि पुढचा खुंट उचलला.

कोपऱ्यात आबा आंधळ्यासारखे चाचपून सुकी पानं वेगळी करत होते. त्यांचा हात थांबला.

"पोराला विचारा," ते म्हणाले.

"घ्या," थोरला म्हणाला. "पोराला म्हणजे मला. आणि मी तर सांगितलंच."

"त्यालाही म्हणाले असतील," थोरलीने दिराकडे हनुवटी केली.

"नाही तर पोटातल्याला," धाकटा म्हणाला. सगळे हसले, आणि वातावरण जरा सैल झालं. आबा हसले नाहीत. ते पुन्हा पानांकडे वळले. त्यांना नेमकं कोणतं पोर म्हणायचं होतं, ते मांडवात एकट्या धाकटीलाच कळलं होतं.

त्या संध्याकाळी तिने पेटी उघडली. वर, अंगणात, ते पोर आजवर शून्याच्या रेघेपलीकडे कधी गेलं नव्हतं. आबा म्हणत, ती रेघ ओलांडली की कोवळ्या कलमाच्या आतलं पाणी गोठतं. बाहेरून काही दिसत नाही, कोरड्या थंडीत गवतावरही पांढरं धरत नाही. दोन दिवसांनी पान काळं पडलं की मग कळतं, आणि तेव्हा कळून काय उपयोग. म्हणून तिचा हिशेब सोपा होता. एक रात्र पोराला खाली ठेवायचं. रेघेच्या अलीकडे राहिलं तर आपले पाय खोटे, आपण तोंड मिटून घर बांधायचं. पलीकडे गेलं तर दाखवायचं.

खालच्या शेतात तिने दोन दुबेळक्या काठ्या रोवल्या, त्यांवर नळी आडवी ठेवली, वर झापाचा आडोसा केला. गोळी उचलून काडी काठाला आणली. "जा, पण नीट जा," ती पुटपुटली, आणि आपलंच आपल्याला हसू आलं. नवऱ्याला तिने रात्री जेवताना सांगितलं. तो ताटावर मान घालून जेवत राहिला. दुपारचं बोलणं त्याच्याही मनाला लागून राहिलं असावं.

पहाटे जाग आली तर अंथरुणाची बाजू रिकामी होती.

ती अंगणात आली तेव्हा धाकटा गोठ्याकडून वर येत होता. अंगावर कांबळं, कांबळ्याच्या आत दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी घट्ट धरलेलं.

"तू कशाला थंडीत जातेस," तो म्हणाला. "मीच घेऊन आलो. बघ, सांभाळून आणलं." आणि त्याने कांबळं बाजूला करून नळी दाखवली. उभी. जड गोळी खाली, माणूस कंदील धरतो तशी.

काडी घसरत घसरत पार गोळीच्या तोंडाशी जाऊन बसली होती. आकडे संपतात त्याच्याही खाली.

तोवर थोरला दात घासत बाहेर आला. त्याने नळी हातात घेतली, पट्टी बघितली, कडुनिंबाची काडी तोंडातून काढली.

"हे इथे आहे होय पोर?" तो म्हणाला. "हे बरोबर असेल तर काल रात्री ओढा दगड झाला असता, आणि काठावरचे आपणही. अगं ये, बाहेर ये, बघ तरी, आपल्याकडे बर्फाचा डोंगर आहे."

थोरली आली आणि हसू आवरेना म्हणून शालीचं टोक तोंडात धरून उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती. पण दृश्यच तसं होतं. धाकटीने काही समजावलं नाही. काडी कशी पडली, का पडली हे सांगितलं असतं तर नवऱ्याची अक्कल चव्हाट्यावर आली असती. तिने नळी घेतली, काडी काठाला आणली आणि पेटीत नेऊन ठेवली.

दुपारी ती आणि नवरा झारीने पिशव्यांना पाणी देत होती.

"उभी कशी धरलीत?" तिने विचारलं.

"मग कशी धरायची? काच आहे. पडली तर? छातीशी धरली की पडत नाही."

"लेकराला धरतात तशी."

"हो, तशीच." त्याने झारी टेकवली. "तुला वाटतं का, मी मुद्दाम केलं?"

तिला खरंच वाटून गेलं होतं. "तुम्हाला ते शेत हवंच आहे," ती शेवटी म्हणाली.

"हवंय. का नको? रोज सकाळी दादाच्या उंबऱ्यावर चपला शोधतो मी. चाळिशी जवळ आली. स्वतःचं दार असावं असं वाटलं तर काय चुकलं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण मुद्दाम नाही केलं. तू जाऊ नयेस म्हणून गेलो. आणि खरं सांगू, वळणावर पाय गारठले माझे. मी म्हटलं, तू सांगितलंस म्हणून वाटत असेल."

तिने त्याच्याकडे बघितलं. राग यायला हवा होता, तो काही केल्या येईना.

मग आभाळ आलं. ढगांच्या पांघरुणाखाली रात्री उबदार झाल्या आणि तिच्या पोटऱ्या वळणावर जाऊन गप्प बसायला लागल्या. काडी रोज सकाळी थोडीशीच सरकलेली. कलमांचे डोळे बांधायचं काम जोरात होतं. बोटांना चीक, अंगठ्याला चाकूचे ओरखडे, पाठीला रग. थोरल्याचा रुसवा मोठ्या इतमामाने चालू होता. "धाकट्यांना गरम पाणी द्या हो, पाय गारठतील," एवढंच तो बोलायचा, तेही बायकोमार्फत. गवंडी येऊन खाली खुंट्या ठोकून गेला. उद्या सकाळी येतो, सूत धरतो आणि कुदळ मारतो, असं सांगून गेला. कुदळ पडली की संपलं. मग त्या घरातून बाहेर कोण काढणार?

त्याच संध्याकाळी वारा पडला आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. धाकटीने नळी उचलली, आडवी धरून खाली नेली, काठ्यांवर ठेवली. परत आली ती सरळ आबांच्या खोलीत.

"आबा, उद्या सकाळी खाली याल?"

आबा अंथरुणावर बसून गुडघे चोळत होते. हात थांबला. तिला एकदम लक्षात आलं की इतक्या वर्षांत आबांना खालच्या शेतात गेलेलं तिने कधीच बघितलेलं नाही. गुडघ्यांमुळे, असं सगळे म्हणायचे. पण गुडघे तर अलीकडचे. थोरलीच्या तोंडूनही तसं कधी ऐकलं नव्हतं, आणि ती तर कितीतरी आधी आलेली. ते शेत आबांनी कायम गवतालाच ठेवलेलं. कलमवाल्या माणसाने, काळ्या मातीत, पाण्याच्या काठी, एक कलम कधी लावलं नाही. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"तुम्ही गेलात तर भाऊजी येतील," ती म्हणाली. "पोराला वर आणून दाखवायचं नाही यावेळी. आपणच जायचं."

आबांनी गुडघ्यांवर कांबळं ओढलं.

"उचलून नेलंत तर," ते म्हणाले.

उजाडताना निघाले. पुढे धाकटी. तिच्या मागे धाकटा, पाठीवर आबा, आबांच्या अंगावर कांबळं. त्यांच्या मागे थोरला, नाइलाजाने. आबा निघाल्यावर त्याला घरात बसवेना. पायांत नुसत्या सपाता, डोक्याला मफलर. सगळ्यात मागे थोरली, हातात चहाची किटली, कारण आबांचा चहा व्हायचा होता. डोंगर निळसर, गवत हिरवं, कुठे काही पांढरं नाही. सगळं अर्धवट झोपेतलं. फक्त किटलीचं झाकण वाजत होतं.

गोठा मागे पडला. वळण आलं.

"अगबाई," थोरली म्हणाली आणि थांबली.

धाकटी मागे वळली. थोरला वळणावर उभा होता. त्याने आपल्या सपातांकडे बघितलं. मग एक पाऊल मागे घेतलं. मग पुढे टाकलं. पुन्हा मागे. तिचा खेळ, तिच्यासमोर, तो मोठा माणूस खेळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"चला," तो म्हणाला.

काठ्यांवर नळी तशीच निजलेली होती. धाकटीने झाप बाजूला केला, पण हात लावला नाही.

"भाऊजी, तुम्ही बघा. गोळीकडचं टोक नाही, पलीकडचं."

थोरला उकिडवा बसला. कडेला सरकून त्याने डोळे बारीक केले. "शून्य कुठलं?"

तिने नखाने दाखवलं. त्याने शून्यावर बोट ठेवलं आणि बोट गोळीच्या दिशेने सरकवत नेलं, एक रेघ, दोन रेघा, आणखी एक. तिथे काडी होती. त्याचं बोट तिथेच राहिलं. धाकट्यालाही पाठीवरच्या ओझ्यासकट वाकून दिसलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते धाकटीला बघवलं नाही. त्याचं स्वतःचं दार होतं ते.

"एखाद्या रात्री पडते अशी," थोरला म्हणाला. आवाजात आता दम नव्हता. "रोज थोडीच."

"रोज पडते," आबा धाकट्याच्या पाठीवरून म्हणाले. "आभाळ मोकळं असलं की रोज."

थोरल्याने वर बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला उतरव," आबा म्हणाले. धाकट्याने त्यांना उतरवून धरलं. आबांनी हात पुढे केला, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बरोबर दिशेने. गवतात तीन दगड होते, एका बाजूने काळे पडलेले. थोरला लहानपणापासून त्यांवर विळ्याला धार लावत आला होता. "ती चूल. इथे आपली झोपडी होती."

"आपली?"

"आधीची. तुझी आई होती. मी होतो. पोर होतं."

"मी इतका लहान असताना आपण इथे होतो?" थोरल्याने विचारलं.

"तू नव्हतास," आबा म्हणाले.

ओढ्याचा आवाज येत होता. थोरलीने किटली खाली ठेवली.

"पाणी जवळ म्हणून इथे राहिलो. निजताना थंडी नव्हती. खरंच नव्हती. पोर दोघांच्या मधे होतं, मग कडेला गेलं असेल, निजेत सरकतात लेकरं. मधे कधी पडली थंडी, कोणाला कळलं नाही. सगळे निजलेले." आबा थांबले. त्यांचा ओठ हलत होता, शब्द मागून आला. "सकाळी बघितलं तर लांब गेलेलं."

धाकटीने पोटावर हात ठेवला. कधी ठेवला ते तिलाही कळलं नाही.

"म्हणून साहेबाकडे हे मागितलं," आबा म्हणाले. "हे जागं राहतं."

"आबा, मग मी हे शेत ह्यांना देत होतो, तेव्हा बोलायचं नाही का?" थोरल्याचा आवाज फाटला. "मी घर बांधत होतो इथे."

"तुझ्या आईला शब्द दिला होता, पोराचं नाव काढणार नाही म्हणून. ती गेली, तरी तोंडच उघडेना." मग ते म्हणाले, "सांगितलं की तरी. म्हटलं, पोराला विचारा."

थोरला उकिडवाच होता. जन्मल्यापासून सगळी दुनिया त्याला थोरला म्हणत आली होती, बायकोसुद्धा पाठीमागे तेच म्हणायची. देताना, रागावताना, रुसताना, सगळं त्याने थोरला म्हणूनच केलं होतं. त्याने त्या काळ्या दगडांकडे बघितलं, मग हात लांब करून त्यातल्या एकावरची माती तळव्याने पुसली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"घरी आणायचं कसं?" त्याने विचारलं. धाकटीकडे न बघता.

"गोळीकडून उचला," ती म्हणाली. "हळू. थोडंसंच."

त्याने दोन्ही हातांनी नळी उचलली. गोळी वर झाली, आणि काडी निघाली. रेघा ओलांडत, न घाबरता, आपल्या चालीने अर्काच्या काठापर्यंत आली आणि थांबली.

"आलं?" आबांनी विचारलं.

"आलं," थोरला म्हणाला.

वर जाताना धाकट्याने पुन्हा आबांना पाठीवर घेतलं. चहा पार गार झाला होता, तो थोरलीने वाटेत ओतून टाकला. गोठ्यापाशी पोचले तेव्हा अंगणात गवंडी आलेला होता, खांद्यावर कुदळ, हातात सुताचं रीळ.

"जायचं ना खाली?" तो म्हणाला. "कुठून धरू सूत?"

थोरल्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याने हनुवटीने दाखवलं, स्वतःच्या घराच्या उजव्या बाजूला, जिथे त्याचे लिंबाचे वाफे होते तिथे. "इथून," तो म्हणाला. "वाफे आज हलवतो. दार ओढ्याकडे नको, डोंगराकडे ठेव. दार त्यांचं वेगळं."

गवंडी बघतच राहिला. धाकटाही. पण थोरला थांबला नाही. नळी दोन्ही तळव्यांवर आडवी ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत, तो अंगणातल्या पेटीकडे चालला होता. पोर कुठवर गेलं होतं ते बघून झालं होतं. आता नळी आडवी धरली काय नि उभी धरली काय, काही बिघडणार नव्हतं. धाकटीला हे ठाऊक होतं, आबांनाही ठाऊक होतं. पण त्याला कोणी सांगितलं नाही.